कोकरं दोन, दूध एकाचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जनुकबदलाच्या तंत्रावरचा लेख वाचला. औषधं, शेती आणि वन्यजीव या तिन्ही ठिकाणी आता सगळं पालटणार, असा लेखाचा सूर होता. सोबत काश्मीरच्या ‘तरमीम’ या कोकराचा फोटो होता. मी माण, खटाव आणि फलटण तालुक्यांत ३४ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम केलं आहे. त्या कोकराचा फोटो पाहून राहवेना, म्हणून हे पत्र.

तरमीम डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठात जन्मलं. अंगावर मांस किती चढावं याला मायोस्टॅटिन नावाचं जनुक लगाम घालतं. शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याच्या तंत्राने तो लगाम सैल केला. बाहेरचं जनुक त्यात घातलेलं नाही. आपल्या देशातली ही पहिली जनुक-संपादित मेंढी, आणि तीही सरकारी विद्यापीठातून आलेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण फोटो पाहताना मनात पहिला विचार आला तो तिच्या विण्याचा. युरोपातल्या बेल्जियन ब्लू गाईत याच जनुकात निसर्गतःच बिघाड आहे. तिची वासरं इतकी भरदार असतात की पुष्कळदा पोट फाडूनच काढावी लागतात. काश्मीरच्या मेंढीचं तसं होईलच असं मी म्हणत नाही. पण कंदिलाच्या उजेडात अडलेली मेंढी ज्याने सोडवली आहे, त्याच्या मनात हा प्रश्न आधी येणारच.

एका गोष्टीचा उल्लेख लेखात हवा होता. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जनुकाचं एक मोठं काम आपल्या जिल्ह्यात कधीच करून दाखवलं आहे. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची अगदी लहान चणीची मेंढी असते. तिच्यात जुळी देणारं एक जनुक आहे. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेंढ्यांमुळे ते जगाला माहीत झालं आणि त्याचं मूळ बंगालच्या गरोलमध्ये असल्याचं पुढे डीएनए तपासणीत दिसलं. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. संस्थेने वर्षानुवर्षं संकर करून ते जनुक दख्खनीत आणलं, त्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. कुठल्या नरात ते जनुक आहे हे रक्ताच्या नमुन्यावरून ओळखण्याची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने बसवली. हे जनुक कापून जोडलेलं नाही, निसर्गाने दिलेलं आहे आणि माणसाने ते नीट हेरून पुढच्या पिढीत नेलं आहे. तरीही जनुक वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, पोचल्यावर काय होतं, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हसवडच्या पुढे एका वाड्यावर मी पहाटेच्या सुमारास गेलो होतो. या रक्ताची एक मेंढी रात्री व्याली होती आणि जुळं झालं होतं. एक कोकरू उठून उभं राहिलं, मेंढी त्याला चाटत होती. दुसरं घोंगडीच्या घडीत ओलं पडलं होतं, कान थंडगार. वाड्यावरच्या मावशींनी मेंढीची मान गुडघ्यात धरली, सड चोळून चिकाची धार काढली आणि त्या दुसऱ्याच्या तोंडात बोटाने चीक घातला. मला म्हणाल्या, “डाक्टर, दोन झाली खरी, पण दूध एकाचंच हाय. दुसऱ्याला काय वारा पाजू?” मग शेळीचं दूध कोमट करून बाटलीने पाजायचं ठरलं. मेंढीला रोज ओंजळभर मका आणि भिजवलेली पेंड सुरू केली. पंधरा दिवसांनी दोन्ही कोकरं बाभळीखाली उड्या मारत होती. संस्थेची माणसं वाड्यांवर फिरून नोंदी ठेवत आणि खुराकाचं सांगत, ते याचसाठी. जनुकाने दुसरं कोकरू दिलं, पण ते जगवलं मक्याने, शेळीच्या दुधाने आणि त्या मावशींच्या बोटाने.

ही बाजू लेखात आली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

औषधांचंच पाहा. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाचं इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून ते तयार करण्याची युक्ती १९७८ मध्ये साधली आणि १९८२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या इन्सुलिनवर माझी आई शेवटची अकरा वर्षं जगली. ‘जीएम (जनुक बदललेलं) म्हणजे विष’ असं कुणी म्हणालं की मला तिची आठवण येते आणि राग येतो. पण आमच्या गावी तेव्हा दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची. इन्सुलिनची बाटली आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या माठात ठेवायचो आणि उन्हाळ्यात दर दोन तासांनी फडकं भिजवायचो. शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं होतं. आमच्या घरी कमी पडत होती ती वीज.

आता सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक-संपादनाचा उपचार निघाला आहे, विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी घरांना छळणारा तोच हा. कॅसजेव्ही नावाच्या या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. त्या पैशात एखादं गाव उभं राहील! उलट आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या शास्त्रज्ञांनी रक्ताच्या काही कर्करोगांसाठी रुग्णाच्याच पेशींत जनुकबदल करणारा नेक्सकार-१९ हा उपचार तयार केला, तो परदेशातल्या अशा उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मिळतो. सामान्य घराला तेही झेपत नाहीच. पण आपल्या सार्वजनिक संस्थांनी मनावर घेतलं तर किंमत कुठून कुठे उतरते, हे त्यातून दिसतं.

बोंडअळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. कापूस आमच्या भागात फारसा नाही, पण यवतमाळकडे एका नातेवाइकांच्या शेतावर मी पाहिलेलं सांगतो. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या बोंडअळ्या वाढतात आणि बीटी पचवणाऱ्या अळ्यांची जात माजत नाही. ते पाकीट बांधावर न फोडता पडलेलं होतं. शेतकऱ्याला दोष कसा देऊ? ते कशासाठी आहे हे त्याला कुणी बसून समजावलंच नव्हतं. पुढे गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणं सोडलं आणि २०१७ मध्ये विदर्भाने त्याची किंमत मोजली. मे २०२५ मध्ये केंद्राने भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर केले, कमला आणि पुसा डीएसटी राइस १. पाटण-जावळीचा शेतकरी उद्या त्यांच्याबद्दल विचारील तेव्हा त्याला उत्तर देणारा माणूस तालुक्याला हवा, नाहीतर दुकानदार सांगेल तेच खरं ठरेल.

वन्यजीवांबद्दल लेखात अमेरिकेतल्या ‘डायर वुल्फ’चं फार कौतुक होतं. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडगा परत आणला, असं त्या कंपनीने २०२५ मध्ये सांगितलं. प्रत्यक्षात साध्या करड्या लांडग्याच्या १४ जनुकांत २० बदल करून ती पिल्लं जन्माला घातली. मला त्यापेक्षा तिथल्याच काळ्या पायांच्या फेरेटची, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या शिकारी प्राण्याची, गोष्ट मोलाची वाटते. १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींतून २०२० मध्ये त्याचं पिल्लू जन्मलं आणि आटत चाललेल्या वंशात जुन्या रक्ताची भर पडण्याची आशा निर्माण झाली. पण फेरेट जगतो प्रेअरी डॉगवर, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यावर. ते प्रेअरी डॉग प्लेगने मरत राहिले तर पिल्लू खाणार काय?

आणि लांडगा तर आपल्याकडे आहे, संपादक महाराज! माण-खटावच्या माळांवर खराखुरा, जिवंत लांडगा आहे. त्याने मारलेल्या मेंढ्यांचे पंचनामे करायला मी कितीदा गेलो आहे. हातातलं कोकरू गेलेलं असताना ‘त्याचा वाटा त्याने नेला’ म्हणणारे धनगर मी पाहिले आहेत. ते माळ आता नांगरले जात आहेत, त्यांच्यावर प्लॉट पडत आहेत. माळ गेला की लांडगा जातो, त्याच्यामागे मेंढरंही जातात. कुठल्याही प्रयोगशाळेत माळ तयार होत नाही.

माझी मागणी साधी आहे. काश्मीरची मेंढी किंवा तसलं काही उद्या आपल्या जिल्ह्यात आलं, तर ते सरकारी संस्थेमार्फत यावं, पहिली काही वर्षं मोजक्या वाड्यांवर नोंदी ठेवून पाहावं आणि त्या मेंढपाळांना खुराक, विमा आणि विणीच्या वेळी येणारा डॉक्टर आधी मिळावा. आपण यावर पुन्हा लिहिणार असाल, तर दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे उतरण्याआधी आपला वार्ताहर एक रात्र माणच्या वाड्यावर पाठवा. मी बरोबर येईन.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
फलटण, जि. सातारा