दोन मिनिटांच्या सिनेमाची तयारी

लेटनस्टोन, लंडन
९ नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "दोन मिनिटांचा सिनेमा, आणि अजून शूटिंगलाच हात लागला नाही? मग दिवसभर करता काय?" मी तेव्हा वर्गाच्या दारात उभी होते, नीट सांगता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. दादा-वहिनींनाही हे वाचून दाखवा. दादाकडे माझं एक काम आहे, ते शेवटी येईलच.

आम्हाला अख्खा सिनेमा करायचा नाहीये. एका थ्रिलरची फक्त सुरुवात करायची आहे, श्रेयनामावलीसकट जास्तीत जास्त दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा कधीच होणार नाही, पण तो आहे असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि पडदा काळा झाल्यावर त्याची चुळबुळ झाली पाहिजे. आम्ही चौघं आहोत. गुण शूटिंगला आहेत तसेच तयारीच्या वहीलाही आहेत. काय पाहिलं, काय ठरवलं, काय टाकून दिलं आणि का, हे सगळं त्यात लिहायचं. इथे सेकंदाला २५ फ्रेम धरतात, म्हणजे दोन मिनिटांत ३००० फ्रेम होतात. एकही फ्रेम उगाच नको, असं आमच्या सरांचं म्हणणं, आणि मला ते मनापासून पटतं.

योगायोग असा की मी राहते तो भाग थ्रिलरचा प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा. १३ ऑगस्ट १८९९ ला तो इथेच लेटनस्टोनमध्ये एका भाजीवाल्याच्या घरी जन्मला. ते दुकान हाय रोडवर ५१७ नंबरला होतं, तिथे आता पेट्रोल पंप आहे. आमच्या ट्यूब स्टेशनच्या भुयारी वाटेत त्याच्या सिनेमांची १७ मोझेक चित्रं आहेत, २००१ मध्ये लावलेली. रोज कॉलेजला जाताना मी त्यांच्यासमोरून जाते. लोक घाईत असतात, कोणी मान वर करून बघत नाही. मी मात्र एकेक दिवस एकेक चित्र घेऊन थांबते.

बाबा, तुमचा जन्म प्रेसमध्ये अक्षरं जुळवण्यात गेला, म्हणून हे खास तुमच्यासाठी. हिचकॉक सिनेमात शिरला तो दिग्दर्शक म्हणून नव्हे. इझलिंग्टनच्या स्टुडिओत तो मूकपटांच्या पाट्या तयार करायचा, म्हणजे संवादांच्या आणि निवेदनाच्या ज्या पाट्या मध्येमध्ये येतात त्या. अक्षर कसं असावं, पाटीवर किती मजकूर मावतो, प्रेक्षकाला तो वाचायला किती वेळ लागतो, हे तो आधी शिकला आणि मग कॅमेऱ्याकडे गेला. त्याच्या सिनेमांची सुरुवात इतकी नेमकी का असते, याचं बरंचसं उत्तर मला त्यात दिसतं.

अभ्यासासाठी मी त्याचा 'द लॉजर' घेतला, १९२७ चा. मूकपट आहे. सुरुवातीलाच पडदाभर एका सोनेरी केसांच्या बाईचा किंचाळणारा चेहरा येतो. आवाज नाही, तरी किंचाळी ऐकू येते. खुनी दिसत नाही, सुरी दिसत नाही, रक्ताचा थेंब नाही. त्यानंतर खुनाची बातमी शहरभर कशी पसरते तेवढंच दिसतं: गर्दी, पोलीस, घाबरलेली साक्षीदार बाई, टेलिफोनवरचा बातमीदार, छापखान्यातली यंत्रं, पेपर घेऊन सुटलेल्या गाड्या. छापखाना आला तेव्हा तुमची आठवण आली नसती तरच नवल!

तो पहिला चेहरा कसा टिपला हे हिचकॉकने पुढे स्वतः सांगितलं आहे. त्या मुलीचं डोकं एका मोठ्या काचेवर ठेवलं, केस चौकटभर पसरले आणि काचेच्या मागून प्रकाश सोडला. त्यामुळे केस आतून पेटल्यासारखे दिसतात. एक काच आणि एक दिवा, एवढ्यावर प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळतं की या गोष्टीत सोनेरी केसांना धोका आहे. सिनेमा तयार झाल्यावर आयव्हर माँटेग्यू नावाच्या संपादकाने त्यातल्या पाट्या बऱ्याच कमी केल्या आणि उरलेल्यांची चित्रं मॅकनाइट कॉफर या पोस्टर चित्रकाराकडून करून घेतली. काढून टाकल्याने सिनेमा उभा राहिला, हे वाचून मी वहीत त्याखाली दोनदा रेघ मारली. साउथ बँकला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय आहे, तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. माझे बरेच शनिवार तिथेच जातात.

दुसरी गोष्ट 'सायको'तली, १९६० ची. सॉल बास या चित्रकाराने रेघांतून केलेली श्रेयनामावली संपते आणि शहराच्या दृश्यावर गावाचं नाव येतं, मग वार आणि तारीख, शुक्रवार, ११ डिसेंबर, आणि मग वेळ, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. पावणेतीन नव्हे, २.४३! इतक्या काटेकोर वेळेची कथेला काही गरज नाही. पण ती वाचताच वाटतं की कोणीतरी नोंद ठेवतंय, पुढे काहीतरी घडलंय आणि त्याचा तपास झालाय. आमची सगळी कल्पना इथूनच सुटली.

आता आमची गोष्ट. इथे एकटी राहणारी म्हातारी माणसं खूप आहेत. त्यांना जेवण, औषधं द्यायला, अंथरुणावर निजवायला केअरर येतात. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांच्या कुलपाची एक छोटी लोखंडी डबी बसवलेली असते, आत घराची किल्ली. केअरर येते, चार आकडे लावते, किल्ली घेते, आत जाते. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी हे काम करते. तिने एकाही पेशंटबद्दल चकार शब्द काढला नाही, पण कामाची पद्धत समजावून सांगितली. प्रत्येक घरात एक नोंदवही असते. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय खाल्लं, गोळ्या घेतल्या का, आणि खाली सही.

आमच्या पहिल्या शॉटमध्ये हातमोजा घातलेला हात डबीचे चार आकडे लावतो. पाटी येते: मंगळवार, संध्याकाळी ६.१०. तो हात दार उघडून नुसतं लोटून ठेवतो, किल्ली परत डबीत टाकतो आणि झाकण लावतो. किल्लीच्या पिवळ्या चिठ्ठीचं टोक फटीतून बाहेर राहतं. मग ६.२५ ला केअरर येते. दिवसभराची दमलेली आहे, ते टोक तिच्या लक्षात येत नाही. आत आजी खुर्चीत झोपलेली, टीव्ही चालू. केअरर चहासाठी किटलीला हात लावते तर किटली गरम. नोंदवही उघडते तर आजची नोंद आधीच लिहिलेली: आल्याची वेळ ६.४०, सर्व ठीक, आणि खाली तिचीच सही. भिंतीवर घड्याळात ६.२७. आणि मागच्या खोलीतून दार आतून बंद केल्याचा आवाज. पडदा काळा. सिनेमाचं नाव, 'सिक्स फोर्टी'.

गटातल्या एकाला एपिंगच्या जंगलातला पाठलाग हवा होता, डोक्यावर हुड ओढलेला माणूस आणि धावणारे पाय. आमची यावर खूप चर्चा झाली. मी म्हटलं, जी मुलगी धावतेय ती कोण हेच ठाऊक नसेल तर तिची काळजी का वाटावी? हिचकॉकने १९६२ साली त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मोठ्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी १५ सेकंद धक्का बसतो. ठाऊक असेल तर टेबलावरच्या साध्या गप्पाही तो १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. आमचा पिवळा कागद हा आमचा बॉम्ब आहे. शेवटी पाठलाग हवा असणाऱ्यालाही ते पटलं, आणि आता तोच कॅमेरा सांभाळणार आहे.

पाठलाग गेला तशी आणखी एक कटकट गेली. इथे रस्त्यावर खोटी सुरी जरी काढायची तरी आधी पोलिसांना कळवून ठेवावं लागतं. बसच्या आत शूटिंगला ट्रान्सपोर्ट फॉर लंडनची परवानगी लागते, म्हणून आम्ही केअररला बसमध्ये दाखवणारच नाही. बस निघून जाते आणि ती फुटपाथवर उभी दिसते, एवढंच. रेकी, म्हणजे शूटिंगच्या जागेची पाहणी, करून घर नक्की केलं, गटातल्या एका मुलीच्या मावशीचं. आता साडेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळचे सहा दाखवायला रात्र जागायला नको, साडेपाचलाच मिट्ट काळोख. कॅमेऱ्याचं शटर १/५० वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं, ठेवायचं, नाहीतर दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते. वीज इथेही आपल्यासारखीच ५० हर्ट्‌झची.

बाबा, खरा वेळ खाल्ला तो अ‍ॅनिमॅटिकने. प्रत्येक शॉटचं चित्र काढायचं, ती चित्रं संगणकावर ओळीने लावायची, त्याखाली तात्पुरते आवाज टाकायचे आणि कागदावरचाच सिनेमा चालवून बघायचा. आमचा पहिला अ‍ॅनिमॅटिक दोन मिनिटांच्या बराच पुढे गेला. केअररचं गल्लीतून चालत येणं काढलं, फाटक उघडणं काढलं. मग तो वर्गातल्या मुलांना काहीही न सांगता दाखवला आणि काय समजलं ते लिहून द्यायला सांगितलं. तेव्हा पिवळी चिठ्ठी नव्हती. डबीत किल्ली उलटी टांगलेली दाखवली होती, आणि ती जवळजवळ कोणालाच दिसली नाही. चिठ्ठीची कल्पना त्या कागदांतूनच सुचली. नोंदवहीची ओळ वाचायला किती वेळ लागतो तेही तिथेच कळलं. दोन सेकंदांत लोक फक्त वही आहे एवढंच ओळखतात, वेळ आणि सही दोन्ही वाचायला चार लागतात. शूटिंगच्या दिवशी घरमालकीण मावशी स्वयंपाकघर परत मागत असताना हे असलं काही सुचणार नाही. म्हणून इतके दिवस, बाबा.

श्रेयनामावलीच्या अक्षराचे दोन नमुने आज तुम्हाला पाठवते आहे. एक टाइपरायटरचं, दुसरं साधं, जाड, बिनसेरिफ, म्हणजे टोकांना आडव्या रेघा नसलेलं. बाकीचे टाइपरायटरच्या बाजूने आहेत. मला वाटतं ते अक्षर थ्रिलरमध्ये इतकं वापरलं गेलंय की त्याने आता कोणी दचकत नाही. सरकारी फॉर्मवरच्यासारखं निर्विकार अक्षर जास्त बोचेल. आकडे विशेष बघा, कारण वेळ सतत येणार आहे. तुमचा अनुभव इथे कोणापाशी नाही, तेव्हा अगदी स्पष्ट सांगा.

आता दादाचं काम. शेवटी दार बंद होतं तो आवाज. इथल्या दारांचे बोल्ट ऐकून पाहिले, सगळे हलके, 'टिक्' करून संपतात. मला आपल्या मागच्या दाराचा अडसर हवा आहे. तो भिंतीतल्या खोबणीतून ओढला की आधी लाकडाची लांब खरखर येते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग 'ठक्'. ती मधली शांतता मला कुठेच मिळाली नाही. पडद्यावर दार दिसणारच नाही, त्यामुळे लाकूड वाईचं की लंडनचं हे कोण विचारतंय! इथल्या माणसाने हा आवाज आयुष्यात ऐकलेला नसेल. काहीतरी जड, आतून बंद झालं, एवढंच त्याला कळेल, आणि नेमकं काय ते ओळखता येणार नाही. 'ठक्'वर सिनेमाचं नाव येईल.

दादा, रात्री अकरानंतर कर, रस्ता थंडावल्यावर. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढ, फोन एअरप्लेन मोडवर. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये लॉसलेस (आवाज न चेपता साठवणारं) असेल तर ते निवड. एकदा फोन अडसरापासून वीतभर अंतरावर धर, आणि एकदा माजघरात ठेवून, कारण आमच्या केअररला तो दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो. सावकाश, मग जोरात, असं दोन्ही. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर १५ सेकंद कोणी बोलायचं नाही. ती नुसती शांतताही मला हवी आहे, तिला रूम टोन म्हणतात, जोडकामात लागते. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा ऑडिओ म्हणून पाठवू नको, आवाज चेपला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. पुढच्या शनिवारपर्यंत मिळालं तर शूटिंगच्या आधी अ‍ॅनिमॅटिकवर बसवून बघता येईल.

आई, फराळ पोचला. चकल्या थोड्या मोडल्या पण खुसखुशीत आहेत, गटातल्या सगळ्यांना दिल्या. स्वेटर घालते, जेवते वेळेवर, काळजी करू नकोस. आजीला सांग, दादा अडसर ओढत असेल तेव्हा "कोण आहे रे तिकडे?" असं विचारू नकोस म्हणावं. आणि विचारलंच तर तेही पाठवून दे, मला ऐकायला.

आजीला नमस्कार, वहिनीला आठवण.

तुमची,
धाकटी