कार्बनची वजाबाकी कोण तपासणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमुक परिषद, तमुक मॅरेथॉन, एखादे नवे उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’ (म्हणजे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, तेवढ्याची दुसरीकडे भरपाई केलेले) असल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अलीकडे वरचेवर येतात. त्यांत उत्सर्जन किती झाले, त्यातले कमी किती केले आणि उरलेल्याची भरपाई कुठे झाली, यातले काहीच नसते. आयोजकांनी सांगितले आणि आपण छापले. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. उत्तर लिहून रीत गाळणाऱ्या मुलाला मी गुण देत नसे.

रीत तशी आठवीच्या मुलालाही जमेल अशी आहे. एक लिटर पेट्रोल भरते साधारण पाऊण किलो, पण ते जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड भरतो सुमारे २.३ किलो. वर्गात हे सांगितले की हमखास कुणीतरी म्हणायचे, ‘सर, वजन वाढले कसे?’ पेट्रोलमधला कार्बन जेमतेम ६३० ग्रॅम, बाकीचे वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे. आता उलट बाजूने पाहा. वाळलेल्या लाकडाच्या वजनात अंदाजे निम्मा कार्बन असतो. म्हणजे एका लिटरची भरपाई झाडाकडून करून घ्यायची तर सव्वा किलो सुके लाकूड नव्याने तयार व्हायला हवे. चाळीस लिटरची टाकी रिकामी केली, तर पन्नास किलो. तेही तयार होऊन भागत नाही. ते जळता, कुजता कामा नये, कारण हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही हिस्सा हजारो वर्षे तिथेच राहतो. रोप लावल्याच्या दिवशी यातले काहीच झालेले नसते. उत्सर्जन रोखीचे आणि भरपाई उधारीची, असा हा व्यवहार आहे.

मध्यंतरी नात विमानाचे तिकीट काढत होती. शेवटच्या पानावर चौकट आली: थोडे पैसे जादा भरा आणि प्रवास कार्बन-मुक्त करा. “आबा, टिक करू का?” मी म्हटले, आधी आकडा तर बघू. दोन संकेतस्थळांवर त्याच प्रवासाचे दोन आकडे निघाले, एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. खोटे कुणीच बोलत नव्हते. एकाने फक्त जळालेले इंधन धरले होते. दुसऱ्याने उंचावर विमानामागे उमटणारे ढगांचे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांनी होणारी तापमानवाढही धरली होती. शिवाय ऐसपैस आसन घेतले की विमानातली जागा जास्त अडते, म्हणून त्या प्रवाशाच्या वाट्याला उत्सर्जनही जास्त येते. तिने टिक केली की नाही, ते मी विचारले नाही.

पैसे घेऊन दुसरीकडे उत्सर्जन कमी करणाऱ्या भरपाईच्या प्रकल्पांना माझा सरसकट विरोध नाही. सुधारित चुलींनी धूर कमी होतो, ते चांगलेच. पण नवी चूल आली म्हणून जुनी विझली का, हे वाटपाच्या यादीवरून कळत नाही. पुष्कळ घरांत दोन्ही पेटतात. एक जंगल राखले आणि कुऱ्हाड शेजारच्या जंगलात गेली, तर वाचले काय? पवनचक्की आपल्या पैशांवाचूनही उभी राहणारच होती, तर आपण विकत घेतले ते नेमके काय? आणि उत्सर्जनाची तीच बचत विकणारा देश स्वतःच्या खात्यात दाखवतो आणि घेणारा देशही दाखवतो, असे होऊ नये म्हणून २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या सहाव्या कलमात तशी अट घालावी लागली.

घरगुती हिशेबातही लोक भलत्याच टोकाला घाबरतात. फोन वर्षभर रोज चार्ज केला तरी पाच-सात युनिटे लागतात. तेवढी वीज एसी एका रात्रीत खातो. वीज कोळशाची असेल, तर दर युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. तेव्हा चार्जरची पिन काढल्याचे समाधान जरूर मानावे, पण आधी एसी दोन अंशांनी वर न्यावा. (वैयक्तिक कार्बन फूटप्रिंट, म्हणजे एकेका माणसाच्या वाट्याचे उत्सर्जन, मोजायला लावणारा गणक २००४ च्या सुमारास लोकांपुढे आणला तो बीपी या तेल कंपनीने, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.)

युरोपीय संघाने २०२४ च्या एका निर्देशाने, केवळ अशा खरेदी केलेल्या भरपाईच्या जोरावर वस्तूला ‘न्यूट्रल’ म्हणण्यास मनाई केली. ती लागू करण्याची तारीख २७ सप्टेंबर २०२६ आहे. आपल्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. असा दावा आला की बातमीदाराने विचारावे: एकूण किती टन, त्यातले स्वतः किती टाळले, उरलेल्याची भरपाई कोणत्या प्रकल्पातून, तो कुणी तपासला, आणि जंगल जळाले तर जबाबदार कोण? उत्तरे मिळाली तर दाव्याशेजारी छापावीत. न मिळाल्यास तो मजकूर जाहिरातीच्या दराने, जाहिरातीच्या पानावर घ्यावा.

आपला,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक