रम-केकसाठी सुका मेवा भिजवण्याबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ज्यांना रम किंवा ब्रँडी घातलेला फळांचा केक करायचा आहे, त्यांनी मेवा भिजवण्याचे काम आताच हाती घ्यावे; मनुका, बेदाणे, चिरलेले खजूर आणि अंजीर स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरून ते बुडतील इतकी रम ओतावी आणि बरणी अधूनमधून हलवावी. एका रात्रीतही फळे फुगतात, परंतु काही आठवडे मुरलेल्या मेव्याची चव निराळीच असते, म्हणून घाई करू नये, असा आमचा आग्रह आहे. अक्रोड व बदाम मात्र भिजवू नयेत. ते हलके भाजून ऐनवेळी घालावेत, म्हणजे त्यांचा कुरकुरीतपणा टिकतो.

मेवा निथळून मिश्रणात घालावा आणि केक सुमारे १५० अंश सेल्सिअसवर सावकाश भाजावा, कारण साखरेने भरलेली फळे जास्त उष्णतेवर लवकर करपतात. निथळलेली रम टाकून न देता भाजलेल्या केकवर चमच्याने थोडी थोडी सोडावी. पेटत्या शेगडीजवळ रम ओतू नये, तिची वाफ पेट घेते.

भाजताना सगळे मद्य उडून जाते हा समज चुकीचा आहे. त्याचा काही अंश उरतोच. त्यामुळे केक वाटताना त्यात मद्य, अक्रोड व बदाम असल्याची चिठ्ठी डब्यावर अवश्य लावावी, आणि मुले, गरोदर स्त्रिया व मद्य वर्ज्य असणाऱ्यांसाठी संत्र्याच्या रसात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवलेल्या मेव्याचा वेगळा केक करावा.