कल्पापर्यंत तुम्हाला जमेल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनला इथे रेंज येते-जाते, आणि बाबा तर दोन मिनिटांत “बरं, ठेवतो” म्हणतात. म्हणून पत्र. आधी मुद्द्याचं सांगते: हिमाचलातल्या किन्नौरची ही सहल तुम्हा दोघांना जमेल.

शिमल्याहून कल्पा लोक एका दमात गाठतात आणि पोचल्यावर उंचीमुळे डोकं धरून बसतात. आमचे भाईजी सांगल्याकडचे. गाडी तेच चालवतात आणि रस्ताही तेच दाखवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, इथे घाई करायची नाही. नारकंडा साठेक किलोमीटर, तिथेच मुक्काम. पुढे सराहन, सांगला आणि मग कल्पा. जेवल्यावर गाडी हाकायला ते तयारच नसतात, आधी चहा! बाबा, तुमचं जमेल त्यांच्याशी.

नारकंड्याजवळ कोटगढ आहे. सॅम्युअल स्टोक्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1916 च्या सुमारास तिथे अमेरिकी सफरचंदाची कलमं लावली. पुढे तो सत्यानंद झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. आज वाटेत पेट्यांनी भरलेले ट्रक संपता संपत नाहीत. आई, इथे सिड्डू खाल्ला. कणकेचं पीठ आंबवून, आत अक्रोडाचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप. तुझ्या हातचा असता तर आणखी एक घेतला असता.

सराहनचं भीमाकाली मंदिर तर तुला दाखवायलाच हवं. भिंतीत एक थर दगडाचा, एक देवदाराच्या ओंडक्यांचा, असं वरपर्यंत. मध्ये चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण धरून राहते, असं भाईजींनी कोपऱ्यातला लाकडी सांधा बोटाने दाखवत समजावलं. आत जाताना डोकं झाकावं लागतं, पुरुषांना तिथेच टोपी देतात. बाबांना हिरव्या पट्टीची किन्नौरी टोपी शोभेल. घेऊन ठेवली आहे.

आता तुम्ही ज्याला घाबरता तो रस्ता. खोटं बोलत नाही, तरांडाच्या कड्यात तो डोंगर पोखरून काढलाय. वर खडक, खाली सतलज. पसरणी घाट त्यापुढे अंगण वाटेल. तिथे तरांडा मातेचं देऊळ आहे, भाईजींनी गाडी थांबवून हात जोडले. दरडीची जागा आली की ते गाणं बंद करतात, काच खाली घेतात, वर बघतात, जरा कान देतात आणि मग न रेंगाळता पार होतात. एकदा वरून बारीक खडी घरंगळताना दिसली, तर बराच वेळ थांबून राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते, पण हे ढिम्म! तेव्हाच ठरवलं, तुम्हाला आणायचं तर यांच्याच गाडीतून.

कल्पा 2,900 मीटरच्या वर आहे. कळसूबाई 1,646, म्हणजे बघा. समोर किन्नर कैलास, 6,050 मीटर. पण बाबा, तुमच्यासाठी इथे वेगळंच काही आहे. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्याम सरन नेगी इथलेच, तेव्हा गावाचं नाव चिनी होतं. बर्फाने वाटा बंद होतील म्हणून इथलं मतदान 1951 च्या ऑक्टोबरमध्येच उरकलं, बाकी देशात बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षी झालं. नेगी मास्तर होते आणि निवडणुकीच्या ड्युटीवर होते! सकाळीच स्वतःचं मत टाकून कामाला गेले. 2022 मध्ये वारले. तुमच्या ड्युटीच्या गोष्टी भाईजींना सांगितल्या, तर म्हणाले, “मास्टरजी को जरूर लाइए.”

पुढे स्पितीतल्या काझाचा हट्ट मात्र धरू नका. 3,600 मीटरच्या वर आहे, तुमच्या बीपीला नको. कल्पापर्यंतच, तेही डॉक्टरांना विचारून. आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावरची, कमोड असलेली खोली कल्पात बघून ठेवली आहे, बाकी मुक्कामांचं भाईजींना विचारते. शिमल्यापर्यंत कालक्याहून छोट्या रेल्वेने या. पावसाळ्यात दरडी पडतात, तेव्हा मे किंवा सप्टेंबरची अखेर. सप्टेंबरात सफरचंदं झाडावर असतात, पण मेमध्ये आईला थंडी कमी वाजेल. दोघांनी भांडून काय ते ठरवा आणि मला कळवा, सीझनमध्ये भाईजी आधीच बुक होतात.

चिलगोजे, म्हणजे इथल्या पाइनच्या बिया, पाठवतेय. साल दाताने फोडू नका, बाबा.

तुमची,
छोटी