श्रीपादच्या पायऱ्यांवरच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. माघ पौर्णिमेची रात्र, श्रीलंकेतल्या श्रीपाद डोंगराच्या पायऱ्या, पांढऱ्या साडीतल्या तुम्ही आणि कठड्याला धरून उभी माझी आई. महिना झाला, तरी लिहायला बसले की डोळे भरतात.

आमच्या टूरवाल्याने नल्लथन्नीला पायथ्याशी डोकी मोजली, 'उजाडायच्या आत वर पोचायचं' म्हणून बजावलं आणि जो पुढे सुटला तो सुटलाच. पैसे घेताना मात्र 'आजी, तुम्हाला मी उचलून नेईन' म्हणाला होता! पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास. हजारभर चढून आई गळाली. आमचीच माणसं 'जयभीम, या सावकाश' करत पुढे गेली. त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

तुम्ही थांबलात. आल्याचा चहा पाजलात, पोटऱ्या चोळून दिल्यात. पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही ती सुई. बुद्धांनी फाटलेलं चीवर, म्हणजे अंगावरचं वस्त्र, जिथे शिवलं असं मानतात, तिथे लोक सुई-दोरा वाहत होते. आईने जन्मभर ब्लाऊज शिवून आम्हाला वाढवलं. आता मोतीबिंदू, त्यात थंडीने थरथरणारे हात. तीनदा दोरा हुकला. मी सुई हिसकावून घेणार, तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून पीळ दिलात, परत तिच्याच चिमटीत ठेवलंत आणि टॉर्च धरून उभ्या राहिलात. मागे रांग खोळंबलेली. पाचव्यांदा दोरा गेला. तुम्ही 'साधु, साधु, साधु' म्हणालात, मागची रांगही म्हणाली.

तुमची सिंहली आम्हाला कळेना, आमची मराठी तुम्हाला. पाली तेवढी दोघींची. चढणारे-उतरणारे 'करुणावै' म्हणत होते, त्यातली करुणा आईने बरोबर पकडली आणि पुढे दिसेल त्याला तीही 'करुणावै' म्हणत सुटली. शिखरावर पूजतात ते पाऊल कुणी बुद्धांचं म्हणतं, कुणी शिवाचं, कुणी आदमचं. पायऱ्यांवर त्यावरून भांडताना मला कुणी दिसलं नाही.

सूर्योदय चुकला, डोंगराची ती त्रिकोणी सावलीही. टूरवाले उतरताना भेटले: 'अरे, आजी आल्या की!' आई बोलली नाही. वर जाऊन तिने घंटा वाजवली, एकदाच. जितक्या यात्रा तितके टोल, हे तुम्हीच बोटांवर मोजून दाखवलं होतंत.

उरलेलं रीळ तुम्ही तिच्या पिशवीत टाकलंत ना? ते आता मशीनच्या खणात आहे. मला बटण लावायलाही देत नाही.