आदिवासी भागातल्या हवेला वाली कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जानेवारीत मुलीकडे अमेरिकेतल्या युटा राज्यात गेलो होतो. तिथून युइंटा खोऱ्यात डायनोसॉरचे जीवाश्म पाहायला निघालो. वर लख्ख ऊन, चहूकडे बर्फ आणि खोऱ्यात मात्र पिवळट-करडा थर. तेलाचे पंप बर्फात मान खालीवर करत होते. गाडीची काच जराशी उतरवली, तर टाक्यांचा पेट्रोलसारखा वास आत आला.

जमिनीलगतच्या ओझोन वायूचं प्रदूषण उन्हाळ्यातलं, असं मी आश्रमशाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. या खोऱ्यात ते हिवाळ्यात होतं. थंड हवा वाडग्यात झाकण घातल्यासारखी अडकते, तेलाच्या विहिरींतून निसटलेले वायू तिथेच साठतात आणि बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने त्यांचा ओझोन होतो. दम्याच्या मुलांना तो फार छळतो. २०१३च्या हिवाळ्यात त्याचं प्रमाण आजच्या ७० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ७० भाग) मर्यादेच्या जवळपास दुप्पट गेलं होतं.

याच खोऱ्यात यूट या मूळ अमेरिकी जमातीचं राखीव क्षेत्र आहे आणि राज्याचे हवेचे नियम तिथे चालत नाहीत. त्यामुळे राज्याच्या हद्दीतल्या विहिरीची गळती तपासायची सक्ती, पण राखीव क्षेत्रातल्या तसल्याच जुन्या विहिरीला ती २०२२ पर्यंत नव्हती. हवा थोडीच हद्द पाळते! तिथल्या हवेच्या कायद्यातल्या १९९०च्या दुरुस्तीने जमातींना राज्यासारखे अधिकार घेता येतात, पण त्याला माणसं, यंत्रं, पैसा लागतो. शिवाय तेल हेच जमातीचं मोठं उत्पन्न, त्यामुळे विहिरी बंद करा म्हणणंही सोपं नाही. अशा वेळी जबाबदारी केंद्रीय पर्यावरण संस्थेवर येते. हवा मर्यादेबाहेर असल्याचं तिने २०१८ मध्ये जाहीर केलं आणि राखीव क्षेत्रातल्या तेल-वायू विहिरींचे नियम डिसेंबर २०२२ मध्ये आले. मधल्या चार हिवाळ्यांत मुलं तीच हवा घेत होती.

हे सगळं समजल्यावर मला माझा गडचिरोली जिल्हा आठवत राहिला. आदिवासी भागांसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण खनिज, जलसाठे, भूसंपादन यांत बोलण्याचा हक्क दिला, हवेचा मात्र त्यात शब्द नाही. २००९ पासून आपल्याकडेही ओझोनची मर्यादा आहे, आठ तासांना १०० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर. खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावतात त्या गावांत ओझोन मोजायला हवा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाणींच्या वाटेवर मोजणी यंत्रं बसवावीत आणि रोजचे आकडे मराठीत व गोंडीत ग्रामसभेच्या फलकावर लावावेत.

एक निवृत्त शिक्षक,
आरमोरी, जि. गडचिरोली