मॅक्सला वेळ लागला तो लाल फितीमुळे नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला विमान कंपन्यांच्या तोट्यावरचा लेख वाचला. बोइंग ७३७ मॅक्स परत उडायला वीस महिने लागले याचं सगळं खापर त्यात सरकारी लाल फितीवर फोडलंय, ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय. (मी बरीच वर्षं सांताक्रूझला हँगरमधे मेंटेनन्सला होतो, कंपनीचं नाव राहू दे.)

मुळात उशीर झाला तो विमान थांबवायला. ऑक्टोबर २०१८ मधे लायन एअरचं मॅक्स जकार्ताहून उडालं आणि समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, कॅप्टन दिल्लीचा होता. त्यानंतर अमेरिकेच्या एफएएनेच (विमान सुरक्षेवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं) हिशोब मांडला होता की काही बदललं नाही तर या मॉडेलचे पुढे पंधराच्या वर अपघात होतील, आणि तरी पायलटना सूचना काढून विमान उडत ठेवलं. मग १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं पडलं, आणखी १५७. चीनने दुसऱ्या दिवशी थांबवलं, आपल्या डीजीसीएने (आपल्याकडचं तसंच खातं) १२ तारखेला, अमेरिकेने १३ ला, म्हणजे बहुतेक जग थांबल्यावर!

आता दुरुस्तीला एवढा वेळ का. सगळ्यांना वाटतं एक सॉफ्टवेअर होतं, एमकॅस, ते बदललं की झालं. ते एमकॅस एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक खाली दाबत होतं, सेन्सर चुकला की पुन्हा पुन्हा, आणि पायलटच्या मॅन्युअलमधे त्याचा उल्लेखच नव्हता. पण ते उघडल्यावर बाकीचं बाहेर यायला लागलं. जून २०१९ मधे सिम्युलेटरवर टेस्ट करताना फ्लाइट कंप्युटरचाच प्रॉब्लेम सापडला, नंतर शेपटीकडे जाणाऱ्या वायरिंगचा, मग फेब्रुवारी २०२० मधे डिलिव्हरी न झालेल्या, उभ्या असलेल्या विमानांच्या फ्युएल टँकमधे कचरा मिळाला. फ्युएल टँकमधे कचरा! आमच्या वेळी एक चिंधी कमी भरली तरी ती मिळेपर्यंत कोणी घरी जायचं नाही.

आणि पायलटच्या सिम्युलेटर ट्रेनिंगचं तर विचारूच नका, ते लागणारच नाही हाच तर या विमानाचा सेलिंग पॉइंट होता, साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीला बोइंगने कबूल केलेलं की लागलं तर विमानामागे १० लाख डॉलर सूट. शेवटी जानेवारी २०२० मधे बोइंगनेच सांगितलं की ट्रेनिंग द्यायला हवं. यात लाल फीत कुठे आली?

खरा घोळ केला तो तारखांनी. बोइंग म्हणत राहिलं की २०१९ संपायच्या आत परवानगी मिळेल, विमान कंपन्या त्याप्रमाणे टाइमटेबल लावत आणि मग फ्लाइट कॅन्सल करत बसल्या. डिसेंबरमधे एफएएच्या प्रमुखांनी बोइंगच्या सीईओला बोलवून स्पष्ट सांगितलं की हे वेळापत्रक जमण्यातलं नाही, आणि त्याच महिन्यात त्या सीईओची खुर्ची गेली. परवानगी मिळाली १८ नोव्हेंबर २०२० ला, त्याच्या आधी एफएए प्रमुख स्वतः ते विमान उडवून आले होते, ते मला आवडलं.

त्यानंतरही किल्ली फिरवली आणि निघालो असं नसतं. महिनोन्‌महिने उभं राहिलेलं विमान म्हणजे टायर, बॅटरी, इंजिनातला ओलावा, पिटो ट्यूबमधले (वेग मोजायची बाहेरची नळी) किडे, सगळं तपासायचं, नवं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि प्रवासी घ्यायच्या आधी प्रत्येक विमान एकदा रिकामं उडवायचं. युरोपने जानेवारी २०२१ मधे सोडलं, आपण २६ ऑगस्ट २०२१ ला. लोक म्हणाले अमेरिकेने पास केलं तर आपण नऊ महिने काय करत होतो. मला ते नऊ महिने चालतात, कारण आधी सगळं जग अमेरिकेच्या सहीवर विसंबलं त्याचंच हे झालं.

लवकर सोडता येतं तेव्हा सोडतातच की. जानेवारी २०२४ मधे अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चं डोअर प्लग (न वापरलेल्या दाराच्या जागी बसवलेलं झाकण) हवेत उडालं, बोल्टच लावलेले नव्हते, तेव्हा १७१ विमानं थांबवली आणि तीनेक आठवड्यांत परत उडायला लागली. तिथे काय बघायचं ते माहीत होतं, उघडा, बघा, बोल्ट आवळा.

माझी तक्रार डीजीसीएबद्दल आहे ती वेगळीच. विमान ग्राउंड असताना नक्की काय बाकी आहे, सॉफ्टवेअर, ट्रेनिंग की पार्ट, हे दर महिन्याला साध्या मराठी-हिंदीत वेबसाइटवर का टाकत नाहीत? आता आकासासारखी कंपनी सगळी मॅक्सच उडवते, मुंबईहून रोज माणसं त्यात बसतात. तुमच्या प्रतिनिधीने हा प्रश्न डीजीसीएला लेखी विचारावा आणि जे उत्तर येईल, किंवा येणार नाही, ते छापावं.

आपला,
एक जुना वाचक, विलेपार्ले